दगडाचे आयुष्य, आठवणीची मुदत

मेलेल्या माणसाची आठवण ठेवण्याच्या प्रत्येक पद्धतीत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे डोळ्यांना दिसणारी खूण: दगड, लाकूड, कबर, पुतळा, नाहीतर नुसते नाव. दुसरी म्हणजे त्या खुणेच्या निमित्ताने जिवंत माणसांनी करायचे काम: पाणी ठेवणे, दिवा लावणे, जेवू घालणे, एकत्र येणे, गप्प बसणे. या दोहोंचे आयुष्य सारखे नसते. कधी खूण टिकते आणि काम बंद पडते. कधी खूण कुजून जाते आणि काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते. स्मारकाचे मोल ठरवताना मात्र बहुधा खुणेकडेच पाहिले जाते. उंची किती, खर्च किती, दगड कुठला, उद्‌घाटन कोणी केले, एवढीच चौकशी होते. स्मरण कोणी करायचे, किती काळ करायचे आणि काय करून करायचे, हे प्रश्न मागे राहतात. जुन्या समाजांनी मात्र आधी हेच प्रश्न सोडवले होते. वऱ्हाडात त्याचे दाखले पावलोपावली सापडतात.

अकोला जिल्ह्यातले बाळापूर मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. गावाच्या उंचवट्यावर किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आजमशाह याने तो बांधायला घेतला आणि एलिचपूरच्या इस्माईलखान नवाबाने १७५७ साली पुरा केला. किल्ल्यापाशी बाळादेवीचे देऊळ आहे, आणि गावाचे नाव तिच्यावरून पडले असे मानतात. गावात नक्शबंदी सूफींची जुनी खानकाह आहे. आणि नदीकाठी एक छत्री आहे: २५ फूट चौरस, ३३ फूट उंच, खांबांवर तोललेली. ती मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाते. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत तिची नोंद आहे.

मिर्झाराजे जयसिंग म्हणजे १६६५ साली शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे मोगल सरदार. विजापूरची मोहीम फसली, महाराज आग्र्याहून निसटले, बादशहाची मर्जी गेली आणि दक्षिणेतून परत बोलावलेले जयसिंग १६६७ साली वाटेत बुऱ्हाणपुरात वारले. त्यांची दहनभूमी तिकडे, तापीकाठी, आणि तिथेही त्यांच्या नावाची छत्री आहे. बाळापूरची छत्री त्यांच्या दक्षिणेतल्या वास्तव्याशी परंपरेने जोडली गेली आहे. राजपुतांत दहनाच्या जागी छत्री उभारण्याची चाल असल्याने येणारा पाहुणा तिला समाधी समजतो, पण जयसिंगांची रक्षा इथे पडलेली नाही. त्यांचे कुळ आमेरचे. श्राद्ध करणारे वंशज या गावात कधी राहिलेच नाहीत. म्हणजे खूण आहे, सुबक आहे, सरकारी संरक्षणात आहे, पण तिच्याशी बांधलेले काम कोणाच्याच वाट्याला आलेले नाही. माणसे छत्रीत सावलीला बसतात, पूर आला की पाणी पाहतात. यात छत्रीचा अपमान मानण्याचे कारण नाही. मात्र याला जयसिंगांचे स्मरण म्हणता येणार नाही.

याच परिसराने याहून मोठ्या मृत्यूंच्या कथा पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या खुणा तर छत्रीएवढ्याही ठळक नाहीत. अकबराचा मुलगा शहाजादा मुराद दक्षिणेच्या मोहिमेवर आला, तेव्हा त्याने बाळापूरजवळ शाहपूर नावाचे ठाणे वसवले. १५९९ साली दौलताबादच्या बाजूला पूर्णेकाठी तो वारला. त्याचे शव आधी शाहपुरात आणून पुरले आणि पुढे दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्यात नेले. स्वतः वसवलेल्या गावातही शहाजाद्याला कायमची जागा मिळाली नाही, कारण त्याचे स्मरण करणारे दिल्लीत होते. पुढे १० ऑगस्ट १७२० रोजी बाळापूरजवळ निजाम-उल्-मुल्क आणि दिल्लीची सत्ता हाती असलेल्या सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअलीखान यांची लढाई झाली. विशीतला आलमअलीखान तीत मारला गेला. मराठ्यांची फौज त्याच्या बाजूने लढत होती. दिल्लीच्या राजकारणात मराठ्यांचा दुवा असलेले शंकराजी मल्हार या लढाईत जायबंदी होऊन शत्रूच्या हाती सापडले. हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया इथे घातला गेला असे म्हटले तर चुकीचे ठरू नये. जिंकलेला निजाम १७४८ साली वारला आणि त्याला खुलताबादला बुऱ्हाणुद्दीन औलियांच्या दर्ग्याच्या आवारात पुरले. त्याच्या कबरीला दर्ग्याच्या रोजच्या येण्याजाण्याचा आधार मिळाला. बाळापूरच्या रानात पडलेल्या शिपायांना तसा आधार नव्हता.

खूण राहिली आणि काम गेले याचा विदर्भातला सर्वांत जुना पुरावा नागपूरच्या बाजूला आहे. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड या ठिकाणी लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत. एकट्या जुनापाणीत ती सुमारे ३०० आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार रचून मध्ये मुरूम आणि दगडगोटे भरलेले, आणि त्याखाली मृताबरोबर ठेवलेली मडकी, लोखंडी हत्यारे, घोड्याच्या अंगावरचे तांब्याचे अलंकार. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात यांतली काही खणून पाहिली आणि स्वातंत्र्यानंतर शां. भा. देव यांच्यासारख्या संशोधकांनी त्यांचा शिस्तीने अभ्यास केला. ज्यांनी हे धोंडे ओढून आणले त्यांची भाषा, देव, मृतांची नावे यांतले आज काहीच हाती नाही. पण दुसरी एक गोष्ट कळते, आणि ती कमी मोलाची नाही. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी या काळ्या मातीच्या प्रदेशात माणसे मेलेल्यासाठी एवढे कष्ट घ्यायला तयार होती, आणि त्याला रित्या हाताने पाठवायला तयार नव्हती. नाव पुसले गेले तरी माया पुसली जात नाही, हे या वर्तुळांमुळे निदान सिद्ध करता येते. म्हणून काम बंद पडलेला दगड फुकट गेला असे म्हणता येत नाही. ज्याला विचारायचे आहे त्याच्यासाठी तो प्रश्न धरून ठेवतो.

याच्या अगदी उलट व्यवस्था अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला मेळघाटातल्या कोरकू आदिवासींची आहे. तिचा विचार सविस्तर करायला हवा, कारण स्मारकाविषयीची इतकी स्वच्छ कल्पना दुसरीकडे क्वचितच दिसते. कोरकूंमध्ये मृत्यूनंतर लगेच होणारे विधी पुरेसे मानले जात नाहीत. मेलेला माणूस पूर्वजांत सामील होण्यासाठी ‘सिडोली’ नावाचा मोठा विधी व्हावा लागतो. तो होईपर्यंत त्याचे जाणे अपुरे असते, आणि घरावर त्याचे ऋण राहते. सिडोलीसाठी सागाच्या लाकडाचा खांब किंवा फळी कोरतात. तिला ‘मुंडा’ म्हणतात. तिच्यावर सूर्य, चंद्र, घोड्यावरचा स्वार, माणसांच्या आकृती असतात. विधीनंतर ती गावाबाहेर ठरलेल्या झाडाखाली, आधीच्या मुंडांच्या शेजारी उभी करतात.

सिडोलीला खर्च मोठा. पाहुणे बोलवावे लागतात, बोकड लागतो, जेवणावळ घालावी लागते. म्हणून ती लगेच होत नाही. काही वेळा वर्षे जातात आणि घरात मधल्या काळात वारलेल्या सगळ्यांची मिळून एकच सिडोली होते. हप्ता थकला तरी कर्ज बुडत नाही, तसा हा प्रकार आहे. जिवंत माणसाला सवलत आहे, पण सुटका नाही. विधी एकदा झाला की मात्र व्यवहार पुरा होतो. मग मुंडा पावसात काळवंडतो, वाळवी लागते, एके दिवशी आडवा होतो. त्याची डागडुजी करायची, नवा रंग द्यायचा, भोवती कुंपण घालायचे, असे काही बंधन नसते. लाकूड निवडले ते गरिबीमुळे असे बाहेरच्या माणसाला वाटेल. पण मेळघाटात दगडाला तोटा नाही. ज्या खुणेचे काम संपले आहे तिने टिकलेच पाहिजे असा आग्रह त्या व्यवस्थेत नाही, हेच कारण अधिक पटते. इथे शोकाला आरंभ आहे, मध्य आहे आणि शेवटही आहे. शहरातल्या कुटुंबांना आज यातला शेवटच नेमका सापडत नाही.

आठवणीला मुदत घालून देणारी ही एकटी परंपरा नव्हे. हिंदू श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीनच पिढ्यांचे नावाने उच्चारण होते. त्यापलीकडचे पूर्वज नाव सोडून पितरांच्या समुदायात मिसळतात. या नियमाचे धार्मिक समर्थन काहीही असो, त्यामागचे माणसाचे मोजमाप अचूक आहे. पणजोबाला पाहिलेला माणूस घरात बहुधा उरलेला नसतो. तीन पिढ्यांपलीकडे आठवण ही आठवण राहत नाही, ती ऐकीव गोष्ट होते. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांच्या मागे कोणी नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावस्या ठेवलेली आहे. विसरणे होणारच हे गृहीत धरून केलेली ही तरतूद आहे, आणि ती फार शहाणपणाची आहे.

वऱ्हाडातल्या शेतकरी घरात पितृपक्षाइतकेच, काही ठिकाणी त्याहून जास्त, महत्त्व आखजीला असते. अक्षय्य तृतीयेला, ऐन वैशाखाच्या उन्हात, मातीची नवी घागर पाण्याने भरून पितरांच्या नावाने पुजतात. पुरणपोळी, कुरडया, चिंचवणी असा स्वयंपाक करून त्यांना जेवू घालतात. पारा ४५ अंशांच्या आसपास असलेल्या मुलखात मेलेल्यासाठी गार पाणी ठेवणे ही कल्पना कोणा शास्त्रकाराने दिली असेल वा नसेल, ती इथल्या हवेतून आली आहे एवढे नक्की. देवघरात पूर्वजांचे चांदीचे टाक असतात, शेताच्या धुऱ्यावर शेंदूर लावलेला धोंडा असतो. तो कोणाचा हे घरातल्या धाकट्यांना सांगता येत नाही, पण पेरणीआधी नारळ फोडायला कोणी चुकत नाही. तीन पिढ्यांची मुदत संपून नाव पितरांत मिसळल्याचे हे डोळ्यांसमोरचे उदाहरण.

मुस्लिम समाजात हाच विचार जमिनीच्या भाषेत दिसतो. कबर कच्ची असावी, तिच्यावर डामडौल नसावा, असे धर्मज्ञ सांगत आले आहेत. कच्ची कबर काही वर्षांत खचते, जागा सपाट होते आणि गावच्या कबरस्तानात त्याच मातीत पुढे दुसऱ्याला जागा मिळते. शब-ए-बारातीला लोक कबरस्तानात जातात, फातिहा पढतात. आपल्या माणसाची नेमकी जागा सांगता आली नाही तरी दुवा सगळ्यांसाठी मागितली जाते. याला अपवाद औलियांचा. त्यांच्या कबरी पक्क्या होतात, उरूस भरतो, पण तोही वर्षातून ठरल्या दिवशी माणसांनी येण्यावरच टिकून असतो. बाळापूरसारख्या गावात या दोन्ही रीती शेजारीशेजारी नांदतात, आणि त्यांतले साम्य त्यांच्यातल्या फरकाहून मोठे आहे. सामान्य माणसाला काही पिढ्यांची मुदत, मग समुदायात विलय. ज्याच्याकडे लोक स्वतःहून येत राहतील त्याला मुदत नाही.

घरगुती स्मरणाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तेरवी ही वऱ्हाडातल्या कुटुंबाच्या गळ्यातली धोंड होत आलेली आहे. घरचा कर्ता गेला, दवाखान्याचे पैसे देणे आहे, आणि तेराव्या दिवशी गावजेवण. लोक काय म्हणतील या धाकाने काढलेले कर्ज फेडता फेडता वावर गहाण पडल्याच्या हकिकती या प्रदेशात नव्या नाहीत. मेलेल्याच्या नावाने जिवंत माणसावर घातलेले ओझे स्मरण ठरत नाही. सिडोलीतली उशिराची सवलत इथे नाही, म्हणून तेरवीचा खर्च अधिक क्रूर होतो. या रूढीविरुद्ध सर्वांत मोठा आवाज वऱ्हाडातूनच उठला. त्याकडे पुढे येऊच.

घराबाहेरच्या स्मरणाची जुनी खूण म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रभर देवळांच्या आवारात, वेशीजवळ ते उभे आहेत. खालच्या चौकटीत झुंज, बहुतेक वेळा गाई सोडवण्यासाठी केलेली. मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगाची पूजा आणि सगळ्यात वर चंद्रसूर्य. कोरकूंच्या लाकडावर जे चंद्रसूर्य आहेत तेच इथे दगडावर आहेत. फरक असा की वीरगळ चंद्रसूर्य असेतोवर टिकण्याची भाषा करतो. प्रत्यक्षात काय झाले? बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. वीराचे नाव गावाने तोंडी सांभाळायचे होते, आणि गाव विस्कटले, दुष्काळात उठले, तसे नाव गेले. आज त्याच दगडावर हळदकुंकू वाहिले जाते आणि त्याला दुसऱ्याच देवाचे नाव असते. गाईसाठी मेलेला तो अनाम तरुण देव होऊन का होईना, गावात राहिला. वीराच्या कुळाला हे पटले नसते, गावाला मात्र पुरते.

दगडाऐवजी गावाच्या नावातच स्मारक घालण्याचा प्रयत्न वऱ्हाडात दोन वेगळ्या काळांत झाला, आणि त्याचे निकाल एकमेकांच्या विरुद्ध आहेत. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामाने मोगल सुभेदार मुबारिझखानाला हरवले आणि ठार केले. विजयाची आठवण म्हणून त्याने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. दफ्तरांत ते काही काळ चालले, पण लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच राहिले आणि आज गावाचे नाव तेच आहे. विजय निजामाचा होता, गावाचा नव्हता. याउलट १९४२ च्या चळवळीत अमरावती जिल्ह्यातल्या यावली आणि बेनोडा या गावांची माणसे गोळीबारात पडली. तेव्हापासून यावली शहीद, बेनोडा शहीद अशीच नावे रूढ झाली. वर्धा जिल्ह्यातली आष्टीही आष्टी शहीद झाली. एसटीच्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर, टपालाच्या पत्त्यात तो शब्द रोज लिहिला जातो. लिहिणाऱ्याच्या मनात दर वेळी हुतात्मे येतात असे नाही. पण परगावी गेलेल्या मुलाला ‘तुमच्या गावाच्या नावात शहीद का?’ असे कोणीतरी विचारतेच, आणि उत्तर द्यायला त्याला हकिकत ठाऊक असावी लागते.

त्याच हुतात्म्यांसाठी पुढे १९८० च्या दशकात राज्य सरकारने गावोगावी एकाच धर्तीची हुतात्मा स्मारके बांधली. हेतू थोर होता. पण इमारत बांधून झाल्यावर तिच्यात वर्षभर कोणी काय करायचे हे बऱ्याच ठिकाणी ठरले नाही. जिथे वाचनालय, अभ्यासिका किंवा ग्रामसभा आली तिथली स्मारके जिवंत राहिली; बाकीची पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी सोडून कुलूपबंद. बाळापूरच्या छत्रीचे जे झाले ते होण्यासाठी साडेतीनशे वर्षे जावी लागत नाहीत. स्मरण करणारे ठरवले नाहीत तर तीस वर्षे पुरतात.

काम बंद पडलेले स्मारक पुन्हा चालू होऊ शकते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. रायगडावरची शिवाजी महाराजांची समाधी पेशवाईनंतर झाडोऱ्यात गेली होती. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये महाराजांवर पोवाडा रचला आणि समाधीकडे लक्ष वेधले. १८९५ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने जीर्णोद्धारासाठी फंड सुरू झाला आणि रायगडावर उत्सव होऊ लागला. दगड तिथे होता म्हणून लोकांना जायला जागा होती. भीमा कोरेगावचा स्तंभ याहून वेगळी गोष्ट सांगतो. तो ईस्ट इंडिया कंपनीने १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या आपल्या शिपायांसाठी उभारला. त्यावरच्या नावांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि तेव्हापासून हळूहळू तो स्तंभ कंपनीचा राहिला नाही. अकोला-अमरावतीकडूनही दरवर्षी माणसे तिथे जातात. बांधणाऱ्याचा हेतू एक आणि स्मरण करणाऱ्यांचा दुसरा. आणि टिकला तो दुसरा. स्मारकाचा मालक तो बांधणारा नसून तिथे येणारा असतो, हे या स्तंभाइतके स्पष्ट दुसरे कशातून दिसणार नाही.

विसाव्या शतकात वऱ्हाडच्या तीन माणसांनी स्मारकाचा प्रश्न आपल्या जगण्यातून सोडवायचा प्रयत्न केला. त्यांत पहिले गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या या माणसाने तेरवी, तिथी, बोकडबळी आणि त्यासाठी काढलेले कर्ज यांविरुद्ध उभे आयुष्य कीर्तन केले. ५ मे १९२३ रोजी कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंद वारल्याचे त्यांना कळले. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. या प्रसंगाकडे बाबांच्या विरक्तीचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. तो शोकाचाही एक प्रकार होता असे म्हणणे अधिक बरोबर वाटते. दुसऱ्याच्या पोरांसाठी तोंड उघडणे हेच त्या बापाचे श्राद्ध झाले.

बाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यांवर स्वतःचा किंवा नातलगांचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आपल्यामागे पुतळा, देऊळ, समाधी काही नको असे ते सांगत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीत त्यांचे प्राण गेले. लोकांनी बाबांचे म्हणणे ऐकले नाही. अमरावतीत समाधी झाली, राज्यभर पुतळे झाले, विद्यापीठाला नाव दिले, ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाने सुरू झाले. यांतले कोणते बाबांना चालले असते हे ठरवणे अवघड नाही. मुंबईत कर्करोगाच्या उपचारासाठी आलेल्या खेड्यातल्या माणसाला त्यांच्या धर्मशाळेत डोके टेकायला जागा मिळते, तेव्हा बाबांचे नाव त्याच्या ओठांवर असेल वा नसेल, काम मात्र चालू असते. पुतळ्याला घातलेल्या हाराबद्दल तसे म्हणता येत नाही.

दुसरे तुकडोजी महाराज. ते वर आलेल्या यावली शहीदचे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरीला त्यांचे निर्वाण झाले. दरवर्षी तिथल्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, त्यांच्या निर्वाणाच्या वेळेला, जमलेला प्रचंड समुदाय उभा राहून मौन पाळतो. महामार्गावरची वाहनेही थबकतात. मौनाला खर्च येत नाही, जात लागत नाही, पुरोहित लागत नाही, आणि जे तिथे पोहोचू शकत नाहीत ते आपल्या गावात त्याच मिनिटाला उभे राहतात. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्ध राहण्याची प्रथा पडली. मोझरीचे मौन त्याच जातीचे, पण त्याला राजाज्ञा लागली नाही.

तिसरे डॉ. पंजाबराव देशमुख. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा देशाचा कृषिमंत्री झाला. अमरावतीची शिवाजी शिक्षण संस्था ही त्यांच्या हातची. १० एप्रिल १९६५ रोजी ते वारले आणि १९६९ मध्ये अकोल्याला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. उपयोगी स्मारकाचा हा आदर्श नमुना म्हणता येईल, आणि त्यातला धोकाही इथेच दिसतो. विद्यार्थी विद्यापीठाला ‘पीडीकेव्ही’ म्हणतात. चार अक्षरांत पंजाबराव कुठे आहेत ते शोधावे लागते. उपयोग जितका मोठा तितके नाव मागे सरते. पण देशमुखांना विचारले असते तर तुरीचे, कपाशीचे चांगले वाण शेतापर्यंत पोहोचावे आणि नाव मागे सरावे, हा सौदा त्यांनी आनंदाने पत्करला असता, असे त्यांच्या आयुष्याकडे पाहून ठामपणे म्हणता येते.

उपयोगी स्मारकाचीच छोटी आवृत्ती खेडोपाडी दिसते. स्टीलच्या ताटावर कोरलेले ‘कै. ... यांच्या स्मरणार्थ’, शाळेतला बाक, बसथांब्यावरची पाणपोई, देवळाची फरशी. यात थोडा मिरवण्याचा भाग असतो, आणि असला तरी बिघडत नाही. तहानलेल्याला पाणी मिळते. याउलट चौकाचौकांत लागणारे भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स. त्यात मृताच्या फोटोइतकेच ठळक फोटो शोकाकुलांचे असतात, आणि आठवडाभरात ते उतरतात. कोरकूंचा मुंडाही कुजतो, पण तो काम पुरे करून कुजतो.

उरतो तो सर्वांत कठीण प्रश्न: ज्यांचे स्मरण करायला कोणी नाही, किंवा करायला कोणी धजत नाही, त्यांचा. २०२० मध्ये करोनाच्या साथीत घरचे पुढे येऊ शकले नाहीत तेव्हा अकोल्यात कच्छी मेमन जमातीच्या कार्यकर्त्यांनी अनेक हिंदू मृतांचे अंत्यसंस्कार त्यांच्या रीतीने केले. सर्वपित्री अमावस्येमागे जी भावना आहे तिचेच हे आचरण होते, आणि ते परक्या म्हणवल्या गेलेल्या हातांनी झाले. मात्र आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत गाव गप्प होते. मदतीच्या अर्जापुरते, पात्र-अपात्रतेच्या शेऱ्यापुरते त्याचे नाव घेतले जाते. बायकोला एकटीला सातबारा, कर्ज आणि पोरांची शाळा पाहायची असते. त्याचा दगड कोणत्याही वेशीवर नाही, कारण त्याच्या मृत्यूला झुंज म्हणायची गावाची तयारी नाही.

या बाबतीत एक रीत अलीकडे तयार झाली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवले. राज्यातली जाहीरपणे नोंदली गेलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. २०१७ पासून अमर हबीब यांच्या पुढाकाराने किसानपुत्र आंदोलन दरवर्षी १९ मार्चला अन्नत्याग करते. त्या दिवशी सहभागी होणारा माणूस जिथे असेल तिथे, चिलगव्हाणला, पुण्यात, दिल्लीत, एक दिवस जेवत नाही. पुतळा नाही, वर्गणी नाही. नाव एकाचे घेतले जाते, पण उपवास त्याच्यानंतर गेलेल्या सगळ्यांसाठी असतो. उपवास करणाऱ्यांत शेती सोडून शहरात नोकरी करणारे शेतकऱ्यांचे मुलगे-मुलीही असतात. कमाल जमीन धारणा कायदा, आवश्यक वस्तू कायदा आणि जमीन अधिग्रहण कायदा रद्द व्हावेत ही त्यांची मागणी असते. मागणीशी सहमत नसलेल्यालाही उपवासाला बसता येते. हे स्मरण किती काळ करायचे याचेही उत्तर त्यांच्याकडे आहे: शेतकऱ्याला मरावे लागते तोवर.